दहावा नारळ

१

देवमन पडला तेव्हा कोणी ओरडलं असेल तरी ऐकायला कोणी नव्हतं. कापसातून सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं चालू असली की शेजारचा माणूस काय म्हणतो तेही हातवाऱ्यांनीच समजून घ्यावं लागतं. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास हमालांचा मुकादम देवमन आत आला, यंत्रांवरून जाणाऱ्या लोखंडी जाळीच्या वाटेच्या कडेखाली पोचला आणि उभ्याचा आडवा झाला. कवटीला चीर. शेजारी जमिनीवर दीड फुटी पाना. पाना फिटर कुंदनचा, आणि त्या वेळी वर जाळीवर एकटा कुंदनच होता.

गुरुवारी सकाळी मी अकोल्याहून एसटीने अमरावतीला आणि तिथून वलगाव रस्त्यावरच्या त्या कारखान्यात पोचलो. मी देवीदास. तीस वर्षं कारखाने तपासण्याची सरकारी नोकरी केली, आता निवृत्त आहे. अपघात झाला की विमा कंपनी मला पाठवते. मी जातो, कारण घरी बसून करायचं काय? सुभद्रेला जाऊन चार वर्षं झाली. एका माणसाच्या स्वयंपाकाला वीस मिनिटं लागतात आणि जेवायला सात. उरलेला दिवस कुठे घालवायचा हे कोणी शिकवत नाही.

मॅनेजर शेखरने हसून स्वागत केलं. “साहेब, तुम्ही आधी येऊन गेले इथं. नऊ वर्षं झाली असतील. घरी कोण कोण आहे आता?”

“मी,” मी म्हणालो. “बायको वारली.”

“अरेरे,” तो म्हणाला आणि माझ्या हातात नारळ दिला. अपघातानंतर यंत्रं बंद होती, ती चालू करायची होती. पाहुण्याच्या हातून नारळ फोडला की शांती होते म्हणे. मी फोडला. यंत्रं धडधडू लागली. शेखरच्या कपाटावर पिवळ्या हेल्मेटांची चळत होती, एकावरचंही प्लास्टिक निघालेलं नव्हतं.

“केस साधी आहे,” तो म्हणाला. “सकाळी कुंदनचं आणि देवमनचं वाजलं होतं. कुंदन सगळ्यांदेखत म्हणाला, एखाद दिवशी तुझ्या डोक्यात पडेल. अकराला पडलं. ठाणेदार तुमच्या अहवालासाठी थांबलेत. शनिवारी दहा वाजेपर्यंत द्या, मग ते गुन्हा दाखल करतील.”

मला घाई आवडत नाही. त्यातही दुसऱ्याला तुरुंगात धाडायची घाई तर अजिबात नाही. पण मान खाली घालून मी वहीत लिहिलं, कारण त्याने नऊ वर्षांपूर्वीची आठवण काढली होती. तेव्हा इथे एका हमालाच्या अंगावर थप्पीवरून रुईची दाबून बांधलेली गाठ पडली होती. तो अहवाल मी पाच ओळींत संपवला होता, कारण मला अडीचची बस गाठायची होती.

२

कुंदन ठाण्याच्या बाकड्यावर बसला होता. त्याला दिवसभर तिथे बसवत आणि संध्याकाळी सोडत. सव्वीस-सत्तावीसचा, दंडावर ग्रीसचे डाग, डोळे जागरणाने लाल.

“भांडण कशावरून झालं?”

“भांडन काहून म्हनता जी? मी त्याले सांगून राहिलो होतो. वरून नट पडते, बोल्ट पडते, खाली झेलाले जाळी नाई लावेल. अन् हा देवमनभाऊ थेट तिथंच उभा राहून हमालाईले हाका मारते. म्हनलं, भाऊ, हटून उभा राह्य, एखांद्या दिवशी तुह्या डोक्यात पडन काही. तो म्हने, तू कालचा पोट्टा मले शिकवशीन काय. झालं.”

“वर कधीपासून आहेस?”

“याच वर्सी. दसऱ्याच्या मुहूर्तापासून. आंधी खाली होतो.”

“आणि पाना?”

“पाना माह्या हातात होता. देवमनभाऊ पडलेला दिसला तसा मी शिडीनं पयत खाली आलो. त्याले उचलाले दोन हात लागते, तं पाना खाली ठेवला. तेवढ्यात शेखरसायब आले. त्याईनं त्याच्याकडं पाह्यलं, पान्याकडं पाह्यलं, अन् मंग माह्याकडं.” त्याने दंडावरचा ग्रीसचा डाग अंगठ्याने घासला. “मी पाना घेऊनच काहून उतरलो, हेच मले समजून नाई राहिलं.”

खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या सोयीचं बोलतो. हा तर स्वतःच्याच गळ्यात फास अडकवत होता.

तिथून दवाखान्यात गेलो. देवमन अजून शुद्धीवर नव्हता. डॉक्टरीणबाई कामात होत्या, तरी दोन वाक्यं नेमकी बोलल्या. “पान्याने मारलं असतं तर कातडी फाटली असती. याची कातडी शाबूत आहे, आत हाड चिरलंय. लागलंय ते रुंद आणि गोलसर काहीतरी.”

परिचारिकेने मला देवमनचा शर्ट पिशवीतून काढून दाखवला. रक्ताचा थेंब नव्हता. मागची कॉलर मात्र वाळून कडक झाली होती. मी बोट लावलं तर ते चिकटलं.

मी बसमध्ये बोट हुंगत बसलो, आणि शेजारच्या बाईंनी जागा बदलली. पान्याला वंगण असतं. वंगण वाळून कडक होत नाही. मग वरून पडलं ते काय होतं?

३

जिनिंगच्या दाराजवळ कापसाचा ढीग होता आणि ढिगापाशी एक बाई काडीकचरा निवडत बसली होती. नाव मनकर्णा. पन्नाशी ओलांडलेली, कपाळ मोकळं, बसायला जुन्या जांभळ्या लुगड्याची चौघडी. हात कापसात असे चालत होते की बघणाऱ्यालाच झोप यावी. देवमन पडला ती जागा तिच्यापासून दहा-बारा पावलांवर होती.

“तुम्ही काय पाहिलं?”

“काई नाई. मान खाली असते माही.”

“तिथली जमीन लगेच पुसली म्हणे. कोणी?”

तिने एक काडी काढून बाजूला टाकली. “म्या पुसली. पानी सांडेल होतं. त्याच्या तोंडावर मारलं होतं ना कोनी.”

“कुंदन कसा मुलगा आहे?”

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. “चांगला हाय. जेवाच्या सुट्टीत माह्यापाशी येऊन बसते. मावशी म्हन्ते. माह्या ठेचा मांगून खाते.” आणि पुन्हा खाली पाहत म्हणाली, “या दोन दिसांत डबा वापस जाऊन राहिला घरी.”

चौकीदार नत्थुजी दारातच खुर्ची टाकून होते. सत्तरीचे, पांढरीफेक मिशी, कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. त्यांना मी सहज विचारलं, देवमनच्या तोंडावर पाणी कोणी मारलं?

“पानी? कोनीच नाई मारलं, सायब. मी माठातला गिलास भरून नेला, तं तवापर्यंत त्याले आटोत टाकून नेलंबी होतं. भरेल गिलास तसाच वापस आनला.”

“नक्की?”

“मंग तो गिलास मीच पेलो.”

म्हणजे जमिनीवर पाणी होतं, पण ते कोणी आणलेलं नव्हतं. मी परत त्या जागेपाशी गेलो. दुपारचे तीन वाजले होते. कारखान्यात रुईचं तूस सतत उडत असतं. तासाभरात जमीन पांढरी होते. त्या पांढऱ्यातून एक बारीक लाल रेघ चालली होती. मी गुडघ्यावर बसलो. मुंग्या होत्या. फरशीच्या एका भेगेत शेकड्यांनी जमल्या होत्या. अशा मुंग्या साध्या पाण्याला येत नाहीत.

मुंग्या आणि चिकट कॉलर यांचं उत्तर एकच होतं. त्याच दिवशी सकाळी तेच उत्तर मी स्वतःच्या हाताने दगडावर फोडलं होतं, पण तेव्हा मनगटावर उडालेलं पाणी मी रुमालाने पुसून टाकलं होतं.

हे मला शुक्रवारी पहाटे अकोल्यात, चहाला आधण ठेवताना सुचलं. गुरुवारी दुपारपासून रात्रीपर्यंत माझं डोकं नुसतं फिरत होतं. निवृत्त माणसाची बुद्धी शेवटच्या बसने येते, आणि तीही उशिरा.

४

“नारळ?” नत्थुजींचा चेहरा उतरला. “कोनतं नारळ?”

मी वर बोट दाखवलं. जाळीच्या वाटेच्याही वर, छताखालच्या लोखंडी तुळईला लाल कापडातली गाठोडी ओळीने लटकत होती. तुसाने इतकी माखलेली, की खालून बघणाऱ्याला ती कापसाचीच वाटावीत.

“ते मी बांधतो, सायब. दर दसऱ्याले, मुहूर्ताच्या दिशी. ज्या वर्सी चंद्रभान गाठीखाली गेला, त्या वर्सीपासून. कोनाले काही होऊ नये म्हनून. जुनं उतरवाचं नाई, नवं बाजूले बांधाचं. राखन असते ते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमी म्हनता माह्या नारळ पडला?”

“चंद्रभान म्हणजे थप्पीखालचा तो हमाल?”

“हो. मनकर्नाबाईचा मालक. त्याच्यामागं ती इथं कामाले लागली.”

मी मोजत होतो. नऊ वर्षं, नऊ मुहूर्त. नत्थुजी माझ्याबरोबर शिडी चढले. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, पण मी नको म्हटल्यावर ऐकेनात. वर त्यांनी एकेका गाठोड्याला हात लावून मोजलं.

“आठ, नऊ.” त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. “नऊच्या नऊ हायेत, सायब. अन् सगळे तारेनं बांधेल. माह्या नारळ नाई पडला.”

त्यांना बरं वाटलं आणि मी हिरमुसलो. माझं कोडं इतकं सुंदर सुटलं होतं, आणि नारळ तर सगळे जागेवर होते. मी शेवटच्या नारळाच्या पुढे तुळईवरून टॉर्च फिरवला. तिथे, दोन हातांवर, वाटेच्या कडेबाहेर, एक कापडाची पट्टी लोंबत होती. तिला फास होता, पण फासात काही नव्हतं. जुन्या आठ गाठोड्यांवर वर्षांचं तूस थरावर थर बसलेलं. यंदाच्या नवव्यावर आणि या पट्टीवर पाच-सहा दिवसांचं, नखाने निघेल इतकंच. आणि तिच्या बरोबर खाली देवमन पडला ती जागा.

“हे कोणाचं?”

नत्थुजींनी डोळे बारीक केले. “मले नाई मालूम. मी अशा चिंध्यांनं बांधत नाई. गोल नारळ, गुळगुळीत. मशीन हालली की सरकते ना तो.”

मी पट्टी सोडून हातात घेतली. जुन्या लुगड्याचा काठ होता, जांभळा, त्यावर पिवळी कोयरी.

शिडीवरून मी खाली पाहिलं. कापसाच्या ढिगापाशी जांभळी चौघडी पडली होती आणि तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. शेखर म्हणाला, मनकर्णाबाईला बरं वाटत नव्हतं, ती जेवणाआधीच घरी गेली.

५

वलगावात तिचं घर सापडायला वेळ लागला नाही. एक खोली, पुढे तुळस, आत नीट सारवलेली जमीन. चार वाजले असतील. तिने दार उघडलं, माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि बाजूला झाली.

“या. च्या मांडते.”

फळीवर एका माणसाचा फोटो होता, प्लास्टिकच्या हारातला. फोटोपुढे पितळी तांब्यावर नारळ. त्याला उभी चीर गेली होती आणि त्या चिरेत मुंग्या होत्या.

“माह्यापाशी घरंगळत आला,” ती चुलीकडे तोंड करून म्हणाली. “ढिगात लपवला. डब्याच्या पिशवीतून घरी आनला. फेकताही येत नाई, देवाचा हाय. नदीवर नेऊन सोडाचं होतं, पन माह्या पाय उठेना.”

“का बांधलात?”

“कुंदन वर गेला ना या वर्सी. नत्थुभाऊचे नऊ बांधेलच हायेत, पन ते कंपनीचे. म्हनलं, एक त्या पोट्ट्याच्या नावानं असावा. मुहूर्ताच्या दिशी सगळे बुंदी खाले बसले, तवा चढली. मी कोनासमोर बांधू शकत नाई, सायब. तुमाले मालूमच हाय.”

मला माहीत होतं, आणि तरी मी त्यावर कधी विचार केलेला नव्हता. सुभद्रा गेल्यापासून मी नक्की किती नारळ फोडले होते? पुतण्याच्या घराचा, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा, गुरुवारी कारखान्याचा. कोणीही माझा हात धरला नव्हता.

“आणि कुंदनला ठाण्यात बसवलं, तेव्हाही बोलला नाहीत?”

चहा उतू जायला लागला. तिने तो उतरवला नाही, मीच उठून उतरवला.

“काय बोलू? म्हनले असते, या बाईनं नारळ बांधला म्हनूनच झालं. नवऱ्याले खाल्लं, आता देवमनले. मंग मले तिथं कोन बसू देईन? इथं पाहा. सकाळी जाते तवा जसं असते, तसंच सांजीले असते. एक भांडं कोनी इकडचं तिकडं करत नाई. तिथं तो पोट्टा मावशी म्हन्ते दिवसातून धा वेळा.” तिने पदराने तोंड पुसलं. “अन् त्यालेच म्या बाकड्यावर बसवला. मले झोप नाई, सायब. दोन दिवस झाले.”

तिची खोली आणि माझी अकोल्याची खोली यांत फारसा फरक नव्हता. माझ्याकडे फक्त रेडिओ जास्त होता.

“तुमीच होते ना तवा?” ती अचानक म्हणाली. “यांच्या येळी.”

“हो.”

“तुमचा कागद म्या बाजूच्या पोरीकडून वाचून घेतला होता. ‘मृत हमालाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ पाठ हाय मले. हे निष्काळजी नव्हते, सायब. बारा फूट थप्पी लावाले लावली, आधार नाई दिला. तुमी वर पाह्यलंच नाई त्या दिशी.”

खरं होतं. मी पाहिलं होतं ते घड्याळाकडे. माफ करा म्हणायला तोंड उघडलं, आणि नऊ वर्षांनी तो शब्द इतका हलका वाटला की गिळून टाकला.

“उद्या दहाला मला अहवाल द्यायचाय,” मी म्हणालो. “नारळाचं मला लिहावंच लागेल.”

“लिवा,” ती म्हणाली. “पन त्याच्या आंधी मी सांगते. तुमच्या कागदातून नको त्याले समजाले.”

६

शनिवारी सकाळी आठला मी यंत्रं चालू होऊ दिली नाहीत. पहिल्यांदाच त्या कारखान्यात माणसांचे आवाज ऐकू येत होते. हमाल, निवडणाऱ्या बाया, नत्थुजी, शेखर. ठाणेदारांना फोन करून कुंदनलाही मी तिथेच बोलावलं होतं. देवमन रात्री शुद्धीवर आला होता. त्याला काही आठवत नव्हतं, पण भूक लागली म्हणाला.

मी थोडक्यात सांगितलं. पान्याने कातडी फाटली असती, ती फाटली नाही. कॉलर चिकट होती, जमिनीवर मुंग्या होत्या, आणि पाणी कोणीच मारलं नव्हतं. नत्थुजींचे नऊ नारळ जागेवर आहेत. दहावा होता, तो आता तिथे नाही.

“दहावा कोणी बांधला?” शेखरने विचारलं.

मनकर्णाबाई पुढे आली. पिशवीतून नारळ काढून तिने तो जमिनीवर ठेवला, देवमन पडला होता बरोबर तिथे. “म्या बांधला. कुंदनच्या नावानं. पडला तवा म्याच लपवला.”

बायांमध्ये एक-दोघींनी तोंडाला पदर लावला. शेखरला मात्र कंठ फुटला. “घ्या. म्हणजे हे असं आहे. विधवा बाईने मुहूर्ताला—”

“शेखरराव,” मी म्हणालो, “माझी बायको वारली हे मी तुम्हाला गुरुवारी सांगितलं. त्यानंतर दोन मिनिटांनी तुम्ही माझ्या हातात नारळ दिलात.”

नत्थुजी खाली बघत होते. त्यांचेच नऊ नारळ होते वर, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मनकर्णाबाईला म्हटलं नव्हतं की ये, तूही हात लाव.

“आणि नारळ पडला तो पट्टी सैल होती म्हणून,” मी पुढे म्हणालो. “उद्या बोल्ट पडेल, परवा पाना. वरून वस्तू पडणारच. ती माणसाच्या डोक्यात पडली, कारण खाली जाळी नाही आणि हेल्मेटं तुमच्या कपाटावर आहेत. कुंदन हेच सांगत होता. तुम्ही त्याची धमकी केलीत.”

कुंदनने माझं बोलणं ऐकलं की नाही, कोण जाणे. तो मनकर्णाबाईकडे बघत होता.

“मावशी, तीन दिवस मी तिथं बसून होतो.”

“हो बाप्पा.”

“तुले मालूम होतं.”

“मालूम होतं.”

तो वळला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. तिने त्याला हाक मारली नाही. आपल्या चौघडीवर जाऊन बसली. आजूबाजूच्या बाया जरा सरकून बसल्या, फार नाही, हातभर.

मी नत्थुजींच्या खुर्चीवर बसून अहवाल लिहिला. कुंदन निर्दोष. कारण: जाळी नाही, हेल्मेट दिलं नाही, तुळईवर टांगलेल्या वस्तू उतरवल्या नाहीत. मग नवा परिच्छेद घेतला आणि लिहिलं की याच कारखान्यातल्या नऊ वर्षांपूर्वीच्या मृत्यूचा अहवाल मी लिहिला होता, तो चुकीचा होता. थप्पीला आधार नव्हता, मी ती पाहिली नव्हती. सही करायला पेन टेकवलं, तेव्हा समोर सावली पडली.

“सायब,” मनकर्णाबाई म्हणाली, “यांचं नाव लिवलं काय? मागच्या येळी नुसतं मृत हमाल होतं.”

मी कागद पाहिला. या वेळीही नव्हतं लिहिलं. वडिलांचं नाव विचारून घेतलं आणि ओळीच्या वर, जागा करून, लिहिलं. कागद तिच्यापुढे धरला, पण ती नुसती अक्षरांकडे पाहत राहिली.

दारातून कुंदन आला. त्याने माझ्या हातातून कागद घेतला आणि तिच्याकडे न बघता, बोट ठेवून, मोठ्याने वाचलं.

“चंद्रभान महादेव. राहणार वलगाव.”

“बराबर हाय,” ती म्हणाली.